ज्या मुलास घाम येत नाही

(पालम तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षक-पालकाने केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय ‘त्वचेचा आनुवंशिक विकार आणि शाळा’ असा छापला आहे. तो वाचून वक्ता डॉक्टर असावा असा कोणाचाही समज होईल. मी डॉक्टर नाही. आपल्यासारखाच जिल्हा परिषदेच्या शाळेवरील शिक्षक आहे, आणि असा विकार घेऊन जन्मलेल्या एका मुलीचा बाप आहे. मी जे सांगणार आहे त्यातील शास्त्राचा भाग त्वचारोगतज्ज्ञांना वेळोवेळी विचारून आणि वाचून मिळविला. बाकीचा घरात शिकलो. त्यातही एक गोष्ट मी फार उशिरा शिकलो. तीच आधी सांगतो, कारण तिच्यासाठीच मी येथे उभा राहण्याचे कबूल केले.

२०१८ सालचा मार्च महिना होता. मुलगी तिसरीत शिकत होती. माझी नोकरी एका गावी आणि बिऱ्हाड दुसऱ्या गावी, त्यामुळे ती माझ्या शाळेत नव्हती. सकाळची शाळा सुरू झाली होती, तरी दहा वाजता मैदानावर उभे राहवत नव्हते. कोणी पाहुणे यावयाचे होते म्हणून कवायतीची तयारी चालली होती. मुलीने रांगेतून पुढे येऊन सांगितले, “सर, मला लई गरम होतंय.” सरांनी तिच्याकडे पाहिले. बाकीची मुले घामाने निथळत होती आणि हिचा चेहरा कोरडा होता. ते म्हणाले, “तुला तर घामसुद्धा आलेला नाही. जा, जागेवर उभी राहा.” ती जागेवर जाऊन उभी राहिली आणि दहा-पंधरा मिनिटांनी कोसळली. अंगाला हात लावला तर तव्यासारखे तापलेले. ताप भरला असे समजून कोणीतरी कार्यालयातली सतरंजी आणून तिच्या अंगावर घातली. खिचडी शिजविणाऱ्या बाईंनी ती सतरंजी ओढून फेकली आणि पाण्याची घागर तिच्यावर पालथी केली. त्या बाईंना शरीरशास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण तापलेल्या वस्तूवर पांघरूण घालू नये एवढे त्यांना चुलीपुढे बसून ठाऊक होते. माझी मुलगी आज जिवंत आहे ती त्या घागरीमुळे, असे मी मानतो.

दुसऱ्या दिवशी मी भांडावयास गेलो. त्या सरांनी माझे सर्व ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “गुरुजी, हिला घाम येत नाही हे आपण एकदा तरी सांगितले होते काय?”

मी सांगितले नव्हते. पहिलीत नाव घालताना मी तेथील मुख्याध्यापकांना, “हिच्या अंगावर पित्त उठते” एवढेच म्हटले होते. पुऱ्या बाह्यांचा सदरा आणि पायघोळ सलवार घालून मी तिला शाळेत पाठवीत असे, ते तिच्या सोयीसाठी नव्हे, माझ्या लाजेसाठी. वर्गात आरोग्याचा पाठ मी वीस वर्षे शिकविला होता. आपल्या लेकराच्या कातडीचे नाव मात्र मला चार माणसांत घेता येत नव्हते.

ते नाव आता घेतो. इंग्रजी वैद्यकात या विकारांच्या गटाला ‘इक्थिओसिस’ म्हणतात. ग्रीक भाषेत मासा या अर्थाचा जो शब्द आहे त्यापासून ते आले. रॉबर्ट विलन नावाच्या इंग्रज वैद्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्वचारोगांची जी वर्गवारी केली, तीत हे नाव रूढ झाले. आपण मराठीत मत्स्यत्वचा म्हणावे. पण आपल्याकडे ही ओळख त्याहून कितीतरी जुनी असावी. चरकसंहितेत अठरा कुष्ठे सांगितली आहेत. त्यांपैकी ‘एककुष्ठ’ नावाच्या प्रकाराची लक्षणे अशी की त्यात घाम येत नाही, ते अंगभर पसरते आणि माशाच्या खवल्यांसारखे दिसते. आजचे वैद्य या वर्णनाचा संबंध बहुधा दुसऱ्या एका त्वचारोगाशी जोडतात. त्या वादात मी पडत नाही. खवले आणि घामाचा अभाव या दोन गोष्टी एकत्र असू शकतात, हे त्या ग्रंथकाराने डोळे उघडे ठेवून पाहिले होते, आणि आमच्या मैदानावर नेमके तेवढेच कोणाला दिसले नाही. मात्र त्याच ग्रंथातील दुसरी गोष्ट आपल्याला भोवली. त्या काळी कातडीच्या लहानमोठ्या बहुतेक विकारांना ‘कुष्ठ’ हे एकच नाव होते. पुढे लोकांच्या तोंडी तो शब्द महारोगापुरता उरला, आणि कोणाची कातडी जरा वेगळी दिसली की त्याच शब्दाची सावली तिच्यावर पडू लागली.

हा महारोग नव्हे. गजकर्ण नव्हे, नायटा नव्हे, खरूज नव्हे. हा जंतूंचा रोग नाही, त्यामुळे स्पर्शाने, शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा कपडे बदलून घातल्याने तो कोणास होणे शक्यच नाही. (महारोगही आज बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो, आणि त्या कारणावरून घटस्फोट मागण्याची कायद्यातील तरतूद २०१९ साली काढून टाकण्यात आली. तेव्हा त्या शब्दाचीही इतकी धास्ती घेण्याचे कारण उरलेले नाही.)

मग हा विकार आहे तरी काय? आपल्या मराठवाड्यातील जुनी माळवदाची घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. माळवदावर पांढरी माती नीट पसरली असेल तर पावसाळा निभावतो. तीत खोट असली की गळती लागते. मग घरधनी घाबरून थरावर थर टाकीत जातो, माळवद जड होते, त्याला भेगा पडतात आणि गळती चालूच राहते. त्वचेचा सर्वांत वरचा थर असाच असतो. चपट्या, निर्जीव पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटी स्निग्ध पदार्थाने लिंपलेल्या असतात. निरोगी माणसाची ही त्वचा सुमारे चार आठवड्यांत नवी होते. जुनी न दिसता गळून पडते. मत्स्यत्वचेत लिंपणात किंवा विटांच्या जोडणीत जन्मतःच खोट असते. शरीरातील पाणी बाहेर झिरपते, त्वचा ते अडविण्यासाठी घाईने थरावर थर चढविते आणि जुना थर वेळेवर सुटत नाही. तेच खवले. घामाच्या ग्रंथी आत असतात, पण त्यांची तोंडे या थरांखाली बुजून जातात.

या गटात पुष्कळ प्रकार आहेत. काही इतके सौम्य असतात की हिवाळ्यात नडगीवर पांढरट खवले दिसतात, उन्हाळ्यात मावळतात आणि घरच्यांना ते कोरडे अंग वाटते. अशी मुले आपल्यापैकी कित्येकांच्या वर्गात असतील. एक प्रकार आईकडून येतो आणि बहुधा मुलग्यांनाच होतो. माझ्या मुलीचा प्रकार लाख-दोन लाख जन्मांत एखाद्या बालकाला होणारा आहे. ती २००९ साली जन्मली तेव्हा तिच्या अंगावर तेलकट, चकाकणारा, ताणलेला पापुद्रा होता. पापण्या उलटलेल्या, ओठ बाहेर ओढलेले. पापुद्रा काही आठवड्यांत सुटला आणि खाली खवल्यांची त्वचा आली. वर्तमानपत्रे अशा बाळांना ‘प्लॅस्टिकचे बाळ’ म्हणतात. याहून फारच भयंकर असा एक प्रकार आहे. २०१६ च्या जून महिन्यात नागपूर येथे तसे एक बालक जन्मले आणि अवघ्या दोन दिवसांत गेले. त्या दोन दिवसांत त्याला वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवरून जी चमत्कारिक नावे मिळाली ती मी येथे उच्चारीत नाही. त्या मातेने ती वाचली नसतील अशी मी आशा करतो.

माणसाला असे पाहण्याची हौस जुनीच आहे. १७३१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एडवर्ड लॅम्बर्ट नावाचा चौदा वर्षांचा मुलगा उभा करण्यात आला. त्याची त्वचा काळ्या, ताठ काट्यांनी भरलेली होती. विद्वानांनी त्याचे वर्णन छापले आणि पुढे तो ‘साळिंदर माणूस’ म्हणून पैसे घेऊन दाखविला गेला. त्याच्या मुलांनाही तसाच विकार झाला, आणि पुढे नातवांनाही युरोपातील गावोगावी फिरवून दाखविले गेले. शास्त्राला त्यातून आनुवंशिकतेचा एक धडा मिळाला खरा. त्या चौदा वर्षांच्या पोराला त्या दिवशी काय वाटले, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही.

आता आनुवंशिकतेचे. आमच्या घरी हे कसे आले याची चर्चा बारशापासून सुरू झाली. कोणी म्हणाले, आईने ग्रहण पाळले नाही. कोणी आठवण काढली की आजोबांनी शेतात नाग मारला होता, म्हणून नातीच्या अंगावर खवले आले. सारा दोष सुनेचा, असेही बोलले गेले. माझी पत्नी माझ्या सख्ख्या मामाची मुलगी आहे. आपल्याकडे मामाच्या मुलीवर हक्क सांगण्याची रीत आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जवळच्या सपिंड नात्यातील विवाह वर्ज्य केले, पण जेथे रूढी आहे तेथे सूट ठेवली. मी रूढीनेच लग्न केले, आनंदाने केले, आणि पुन्हा करावयाचे झाले तरी तिच्याशीच करीन. परंतु शिक्षकांच्या सभेत सत्य झाकण्यात अर्थ नाही, म्हणून सांगतो.

आपल्या शरीराचा प्रत्येक गुण सांगणाऱ्या जनुकाच्या साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. त्यांतील एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम भागते, आणि त्या माणसाला आयुष्यभर काही कळत नाही. अशा एखाददुसऱ्या बिघडलेल्या प्रती आपणा सर्वांच्याच अंगात असतात. परक्या घराण्यात लग्न झाले तर दोघांची खोट एकाच जागी असण्याचा संभव थोडा. आते-मामे भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके सारखी असतात, म्हणून तो संभव वाढतो. माझ्या मुलीच्या जातीच्या विकाराला कारण होणारे एक प्रमुख जनुक १९९५ साली सापडले. ना ग्रहण, ना नाग. तिला एक खोटी प्रत माझ्याकडून मिळाली आणि एक तिच्या आईकडून. दोष वाटावयाचाच झाला तर बरोबर अर्धा अर्धा.

मेंडेलने वाटाण्यांवरील आपले प्रयोग १८६६ साली प्रसिद्ध केले. पण वाटाण्याच्या पिढ्या वाढविण्यास आपल्याला सवड नाही. मी सातवीच्या मुलांना हे चिंचोक्यांनी शिकवितो. दोन चिंचोके घ्यावेत आणि दगडावर घासून प्रत्येकाची एक बाजू पांढरी करावी. मुले डाव मांडण्यासाठी घासतात तसेच. एक चिंचोका बापाचा, एक आईचा. काळी बाजू म्हणजे चांगली प्रत, पांढरी म्हणजे खोटी. दोन्ही एकदम टाकावेत आणि वहीत नोंद करावी. दोन्ही पांढरे पडले तरच मूल विकार घेऊन येते. शंभर वेळा टाकले तर हे साधारण पंचवीस वेळा घडते. एक काळा, एक पांढरा पडला तर मूल निरोगी, पण खोट पुढे नेणारे. मुलीच्या जन्मानंतर आमच्या एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी धीर दिला होता, “चारांत एक ना? ते झाले. आता पुढची तिन्ही चांगली.” गणिताचा शिक्षक असूनही मला तेव्हा ते पटावेसे वाटले. पण चिंचोक्यांना मागचा डाव आठवत नसतो. दर वेळी हिशेब नव्याने, चारांत एक. आणि हेही सांगितले पाहिजे की भावंडांच्या नात्यातील लग्नांतून होणारी बहुतेक मुले निरोगी असतात. मी कोणाच्या घरची सोयरीक मोडावयास सांगत नाही. मात्र ज्या घरात एकदा असे मूल जन्मले, त्या घराने त्याच नात्यात पुन्हा सोयरीक जुळविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, इतके सांगण्याचा अधिकार मला आहे.

घरातील संगोपनाविषयी सविस्तर सांगतो, कारण पालक शेवटी आपणांसच विचारतात. या विकाराला मुळापासून घालविणारे औषध आज नाही. जे आहे ते नित्यकर्म. रोज स्नान, आणि ते घाईचे नव्हे; पंधरा-वीस मिनिटे अंग पाण्यात भिजू द्यावे, मऊ पडलेले खवले मऊ कापडाने हलकेच चोळून काढावेत, ओरबाडू नयेत. अंग टिपून थोडे ओलसर असतानाच तेल, व्हॅसलिन किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम सर्वांगाला लावावे, म्हणजे पाणी आत कोंडले जाते. खवले विरघळविणारी मलमे असतात, पण ती लहान बालकाच्या अंगभर लावल्यास शरीरात शोषली जाऊन अपाय करू शकतात. म्हणून ती, आणि पोटात घ्यावयाची औषधे तर निश्चितच, त्वचारोगतज्ज्ञाला विचारल्याखेरीज वापरू नयेत. आम्ही नांदेडच्या शासकीय रुग्णालयात जातो. जडीबुटीवाल्यांवर आणि राख देणाऱ्यांवर पहिल्या दोन वर्षांत जे पैसे गेले, त्यांचा हिशेब मी ठेवलेला नाही.

हे ऐकताना सोपे वाटते. २०१६ चा उन्हाळा आठवा. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; आमच्या गल्लीत टँकरची वाट पाहत भांड्यांच्या रांगा लागत. अशा दिवसांत एका मुलीला रोज टबात भिजवावयाचे! शेजारची बाई एकदा म्हणाली, “लोकांना प्यायला नाही आणि यांच्या पोरीला पोहायला लागतं.” तिचेही काही चुकले नव्हते, तिच्या घरी दोन घागरींवर आठ माणसे होती. तिच्या आईने मग युक्ती काढली. दोन तांबे पाण्यात जुने सुती लुगडे भिजवावयाचे, मुलीला त्यात गुंडाळून अर्धा तास बसवावयाचे आणि गोष्ट सांगावयाची. उरलेले पाणी न्हाणीतून परसातल्या लिंबाला. पुढे डॉक्टरांनी ही युक्ती ऐकून शाबासकी दिली. थंडीत निराळी अडचण येते. खोबरेल थिजते, आणि बोटांच्या पेरांवर अशा भेगा पडतात की पेन्सिल धरली तरी रक्त येते. जानेवारीत तिचे अक्षर बिघडे, वहीवर लाल शेरा येई. शेरा देणाऱ्याला भेगा दिसत नसत, कारण ती मूठ मिटून ठेवी.

यावरून मी आपल्या कामाकडे येतो. अशा मुलाबाबत शिक्षकाने काय पाहावे? हाताचे सांगितले. दुसरे म्हणजे कान. खवले कानाच्या नळीतही साचतात आणि तेथे बूच बसते. मुलगी दुसरीत असताना ‘लक्ष नाही, हाक मारली तरी ओ देत नाही’ अशी तक्रार आली होती. नांदेडला कान साफ केल्यावर ती रस्त्याने येताना म्हणाली, “बाबा, आज एसटी किती ओरडतीय!” दोन वर्षे ती अर्धे ऐकत होती आणि आम्ही तिला आळशी म्हणत होतो. तिसरे, डोळे. खालची पापणी ताणलेली असल्याने डोळा पुरता मिटत नाही, धुळीने आणि उन्हाने लाल होतो. तिला दाराच्या वाऱ्यापासून दूर बसवावे आणि थेंब घालण्याची मुभा द्यावी. चौथे, अन्न व पाणी. ही त्वचा सतत पाणी आणि ऊब गमावते, ती भरून काढण्यास अन्न जास्त लागते. शालेय पोषण आहारात तिने दुसऱ्यांदा वाढून मागितले तर तो हावरेपणा समजू नये.

बाकावर पडणाऱ्या कोंड्याचे मी मुद्दाम वेगळे सांगतो, कारण मुलांचे दूर सरकणे तेथून सुरू होते. तिच्या शेजारी बसावयाचे कोणी नाही, खेळात हात धरावयाचा कोणी नाही, आणि एक टोपणनाव. चौथीला तिला एक बाई लाभल्या. त्यांनी भाषण केले नाही. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुटीनंतर त्यांनी सर्वांसमोर तिच्या मलमाची डबी उघडली, स्वतःच्या बोटांनी तिच्या दोन्ही हातांना मलम लावले आणि हात न धुता तसाच खडू उचलून गणित शिकवावयास सुरुवात केली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी एका मुलीने विचारले, “बाई, मी लावू?” मी तीन वर्षे पित्ताची सबब सांगून जे साधू शकलो नव्हतो, ते त्या बाईंनी चार दिवसांत केले. टोपणनाव मात्र पुरते गेले नाही. दोन मुले सातवीपर्यंत त्याच नावाने हाक मारीत. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २०१० पासून अमलात आहे आणि त्यात बालकाच्या मानसिक छळालाही मनाई आहे. परंतु मधल्या सुटीतील आंब्याखाली कायदा पोहोचत नाही, बाई पोहोचतात.

आता सर्वांत निकडीची गोष्ट. फेब्रुवारी संपत आला आहे. येत्या काही आठवड्यांत परभणीचा पारा चाळिशी ओलांडील. रांजणातले पाणी गार का राहते हे आपण चौथी-पाचवीला शिकवितो: मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते आणि वाफ होताना उष्णता निघून जाते. आपला घाम हेच काम करतो. दोन सारखे माठ घ्या, एकाला बाहेरून तैलरंग द्या, दोन्हीत पाणी भरून सायंकाळी मुलांना चाखावयास द्या. रंग दिलेल्या माठातील पाणी कोमट असेल. ज्या मुलास घाम येत नाही ते मूल म्हणजे असा रंगविलेला माठ. ते धावले, कवायत केली किंवा नुसते पत्र्याच्या खोलीत बसले तरी आतली उष्णता आतच साचते. चेहरा लाल होणे, डोके दुखणे, मळमळ, पेंगुळणे, असंबद्ध बोलणे ही धोक्याची खूण. अशा वेळी सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडावे आणि वारा घालावा; शुद्धीवर असेल तरच पाणी पाजावे आणि विलंब न लावता दवाखान्यात न्यावे. पण तेथवर येऊच देऊ नये. सदरा ओला करून घालू द्यावा. आम्ही फवाऱ्याची एक बाटली देतो. ती तिच्यासाठी घामाचे काम करते. आणि भर उन्हाळ्यात व्हॅसलिनसारखे जाड लेप कमी करून पातळ मलम वापरावे, कारण जाड लेपाखाली उष्णता आणखी कोंडते.

घाम न येणारी मुले आणखी एका विकारात आढळतात, त्याचाही उल्लेख करून ठेवतो. त्यात घर्मग्रंथीच फार थोड्या असतात, केस विरळ आणि दात मोजके, बहुधा सुळ्यांसारखे टोकदार. डार्विनने आपल्या एका ग्रंथात सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची हकीकत दिली आहे: चार पिढ्यांतील दहा पुरुष असे होते, उन्हाळ्यात त्यांची त्वचा अतिशय कोरडी पडे आणि त्यांचे हाल होत, मुलींना विकार नसे, पण त्यांच्या पोटी तो पुढे जाई. तेव्हा वर्गात एखादा जवळजवळ बोळका, विरळ केसांचा मुलगा असेल, तर त्याच्या दातांना हसण्याआधी त्याला घाम येतो की नाही ते विचारा. ज्यांची त्वचा नुसत्या घासण्याने फोडांनी भरते अशीही मुले असतात. त्यांना दंडाला धरून ओढू नये. आणि जन्मतः पांढऱ्या त्वचेच्या व केसांच्या मुलांना उन्हापासून जपावे आणि फळ्याजवळ बसवावे, कारण त्यांची दृष्टी बहुधा अधू असते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एकवीस प्रकार आहेत, त्यांत मत्स्यत्वचा नाही. म्हणजे आपल्या नोंदवहीच्या कोणत्याच रकान्यात ही मुले दिसत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, त्याला अशी मुले आवर्जून दाखवावीत आणि पथकाची चिठ्ठी घेऊन पालक खरोखर पुढे गेले की नाही याचा पाठपुरावा करावा. पालक लपवितील. मी लपविले होते. रागावू नये, एकदा घरी जाऊन, बाहेरची माणसे नसताना, “याला उन्हात घाम येतो का?” इतकेच विचारावे.

मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. चौथीपासून दर वर्षी जूनमध्ये, शाळेच्या पहिल्या दिवशी, मी तिच्या वर्गशिक्षकांना एक पत्र देत आलो. अलीकडे ते तीच लिहीत असे. कोणास नमुन्यादाखल उपयोगी पडेल म्हणून तिच्या अखेरच्या पत्रातील मजकूर वाचून दाखवितो आणि आपली रजा घेतो:

“सादर नमस्कार. माझ्या त्वचेला जन्मापासून इक्थिओसिस हा विकार आहे. तो कोणालाही होत नाही, म्हणजे माझ्यापासून लागत नाही. मला घाम जवळजवळ येत नाही, म्हणून उन्हात मी इतरांपेक्षा लवकर तापते. मी पाणी शिंपडायला मधूनच उठले तर परवानगी असावी. मला ऐकू आले नाही तर पुन्हा सांगावे; कानात मळ साठला असेल, मी दवाखान्यात जाऊन येईन. डिसेंबर-जानेवारीत लिहायला वेळ लागतो. खेळाच्या तासाला मला घरी पाठवू नये, सकाळी आठच्या आत असेल तर मी खेळते. वर्गात कोणी माझ्याबद्दल विचारले तर मला उभे करून सांगायला लावले तरी चालेल, मला त्याची सवय आहे. नळ कोणत्या बाजूला आहे ते मात्र पहिल्याच दिवशी दाखवावे, ही विनंती.”